द्राक्षबागेतली फवारणी: औषध अंगावर कुठे पडतं, हे गावातच मोजता येतं

तासगाव तालुक्याच्या पूर्व भागातल्या एका द्राक्षबागायतदार गटाचा प्रश्न आहे. छाटणीनंतरच्या फवारण्यांच्या दिवसांत औषध मारणाऱ्या माणसांना डोळ्यांची आग, डोकेदुखी, मळमळ, मांड्यांवर चट्टे असा त्रास होतो. गटाकडे थोडे पैसे जमलेत. ते सगळ्यांच्या रक्ततपासणीवर घालावेत की संरक्षक किट घ्यावेत, आणि गावपातळीवर याचा नीट अभ्यास करायचा तर कसा, असं त्यांनी विचारलं आहे.

पहिला रुपया या दोन्हींवर घालू नका. औषध माणसाच्या अंगावर कुठे, कोणत्या वेळी आणि साधारण किती पडतं, ते आधी बघा. ते कळलं की किटमधली कुठली वस्तू कामाची आणि कुठली शेडमध्ये खुंटीला टांगून राहणार, हे आपसूक ठरतं. शिवाय हे बघायला प्रयोगशाळा लागत नाही.

औषध नाकातून जातं ही समजूत फार पक्की आहे, म्हणून तोंडाला टॉवेल बांधला की काम झालं असं वाटतं. धुक्यासारखा बारीक फवारा, वाफ होणारी औषधं आणि उडणारी पावडर श्वासातून जातात, हे खरं. पण फवाऱ्याचे बहुतेक थेंब फुप्फुसात खोल जाण्याइतके बारीक नसतात. ते कातडीवर बसतात आणि तिथून आत शिरतात. कातडीही सगळीकडे सारखी नसते. मायबाख आणि सहकाऱ्यांनी १९७१ साली माणसांवर मोजून दाखवलं की पॅराथिऑन हे कीटकनाशक कोपराखालच्या हातातून सुमारे ८.६ टक्के आत गेलं, कपाळातून त्याच्या चौपट आणि अंडकोषाच्या कातडीतून जवळजवळ सगळं. म्हणून गळक्या पंपाने भिजलेली पँट दिवसभर तशीच अंगावर ठेवणं हे तोंड उघडं ठेवण्यापेक्षा जास्त घातक ठरू शकतं. मांडवाच्या बागेत औषध डोक्याच्या वर मारलं जातं, ते कपाळ, मान आणि काखेत उतरतं. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधेने माणसं दगावली, त्या वर्षी तिथलं पीकही माणसाच्या डोक्याएवढं वाढलेलं होतं. तुमच्याकडे ही परिस्थिती दरवर्षीच असते.

आता मोजायचं कसं. कपडे पांढरेशुभ्र दिसावेत म्हणून शेवटच्या पाण्यात घालतात ती टिनोपाल किंवा राणीपालसारखी पावडर जांभळ्या प्रकाशात निळसर चमकते. नोटा तपासायचा अल्ट्राव्हायोलेट टॉर्च त्याला पुरतो. निकाराग्वातल्या शेतकऱ्यांवर याच जातीची पावडर वापरून असे अभ्यास झालेले आहेत. चाचणीच्या टाकीत औषध अजिबात घालायचं नाही, फक्त साधं पाणी आणि ही पावडर. लिटरला अर्धा ते एक ग्रॅम, म्हणजे १६ लिटरच्या पाठीवरच्या पंपाला ८ ते १६ ग्रॅम आणि ब्लोअरच्या, म्हणजे ट्रॅक्टरवर चालणाऱ्या पंख्याच्या फवारणी यंत्राच्या, टाकीत १०० लिटर पाणी घेतलं तर ५० ते १०० ग्रॅम. पावडर आधी मगभर कोमट पाण्यात विरघळवून कापडातून गाळून घ्या, नाहीतर गुठळ्या नोझलमध्ये अडकतात. पंप नवा असेल तर उत्तम. जुना असेल तर आधी साबणाच्या पाण्याने आणि नंतर साध्या पाण्याने तीनदा धुवा. बागेला पान भरपूर आहे पण फळ नाही, असा जुलै-ऑगस्टचा काळ निवडा आणि एक-दोन ओळींतच काम करा.

ही चाचणी हमखास फसते ती कपड्यांमुळे. घरात वापरतो त्या बहुतेक धुण्याच्या पावडरीत हीच चमकणारी द्रव्यं असतात, त्यामुळे रोजचा पांढरा सदरा फवारणीआधीच लख्ख दिसतो. न धुतलेले नवे, गडद रंगाचे सुती कपडे घ्या आणि फवारणीआधी माणसाला अंधारात उभं करून टॉर्चखाली एकदा बघा आणि फोटो काढून ठेवा. तो त्याचा मूळ फोटो. उन्हात पावडरीची चमक उतरते, म्हणून फवारणी संपल्यावर अर्ध्या तासात बेदाणा शेडमध्ये ताडपत्री लावून केलेल्या अंधारात तपासणी आणि फोटो व्हायला हवेत. टॉर्च डोळ्यांवर मारू नका. अंगावरचे कपडे उतरवल्यावर आत काय झिरपलंय तेही बघा, कारण खरी माहिती तिथे असते.

औषध कालवणं आणि औषध मारणं या दोन कामांची चाचणी वेगवेगळी घ्या. कालवण्याच्या चाचणीसाठी कधीही औषध न भरलेल्या स्वच्छ बाटलीत पाव लिटर पाण्याला ५ ग्रॅम पावडर असं दाट द्रावण करा आणि माणसाला रोजच्या सवयीप्रमाणे झाकणाने मोजून बॅरलमध्ये ओतायला, ढवळायला सांगा. त्याला काही शिकवू नका. ओतताना बाटलीच्या गळ्यावरून ओघळलेला थेंब, तोच हात पँटला पुसणं, त्याच बोटांनी घाम टिपणं, हे सगळं टॉर्चखाली दिसतं. इथे एक हिशेब लक्षात ठेवा. लिटरला १ मिली हे प्रमाण असेल तर बाटलीतलं औषध फवाऱ्यापेक्षा हजारपट तीव्र असतं. हातावर सांडलेलं १ मिली म्हणजे १ लिटर फवारा अंगावर घेण्यासारखं झालं. कालवायला पाच मिनिटं लागतात आणि मारायला चार तास, तरी दिवसाचा मोठा वाटा त्या पाच मिनिटांत अंगावर येऊ शकतो.

गुण देण्याची पद्धत सोपी ठेवा. कागदावर माणसाची पुढून आणि मागून आकृती काढा आणि डोकं-कपाळ, चेहरा, मान, छाती, पाठ, दंड, कोपराखालचा हात, तळहात, पोट-जांघ, मांडी, पोटरी, पाऊल अशा बारा भागांना गुण द्या. काहीच नाही तर ०, तुरळक ठिपके असतील तर १, अर्ध्यापेक्षा कमी भाग चमकला तर २, अर्ध्यापेक्षा जास्त तर ३. गुण दोघांनी स्वतंत्रपणे द्यावेत आणि कोणता फोटो जुन्या पद्धतीचा, कोणता बदललेल्या, हे त्यांना सांगू नये. तुलना त्याच माणसाची त्याच्याशीच करायची, कारण उंच माणूस आणि बुटका माणूस मांडवाखाली वेगळे भिजतात. प्रत्येकाने एकदा नेहमीप्रमाणे आणि एकदा पुढे दिलेल्यांपैकी एखादा बदल करून काम करायचं. आधी कोणतं ते चिठ्ठी टाकून ठरवा. १० माणसं पुरतात. बदलाचा काहीच उपयोग नसेल तरीही १० पैकी ९ किंवा त्याहून जास्त जणांचे गुण केवळ योगायोगाने कमी होण्याची शक्यता सुमारे १ टक्का असते. ८ किंवा जास्त जणांसाठी ती साडेपाच टक्क्यांच्या आसपास जाते. म्हणून नऊ जणांत फरक दिसला तर बदल स्वीकारा, सहा-सात जणांतच दिसला तर तेवढ्यावर पैसे घालू नका. ही चाचणी अंगावर कुठे पडलं ते सांगते, शरीरात किती शिरलं ते सांगत नाही.

कालवण्यात करायचे बदल स्वस्त आहेत. झाकणाने मोजणं बंद करा आणि दांडीचं मापपात्र ठेवा. बॅरल कमरेच्या खाली असावं, म्हणजे ओतताना बाटली छातीसमोर येत नाही. ढवळायला किमान एक मीटरची काठी हवी, हात नको. पावडर थेट बॅरलमध्ये झटकली की ढग उडतो, म्हणून बादलीत थोड्या पाण्यात तिची पेस्ट करून मग ओता. टाकी अर्धी पाण्याने भरल्यावर आधी पाण्यात मिसळणारी पावडर, मग फ्लोएबल (दाट द्रवातलं औषध), मग तेलकट ईसी (पाण्यात दुधासारखं होणारं) आणि शेवटी स्टिकर (औषध पानाला चिकटवणारं द्रव्य), हा क्रम ठेवा. पहिल्यांदाच दोन औषधं एकत्र करणार असाल तर आधी काचेच्या बरणीत त्याच प्रमाणात मिसळून अर्धा तास ठेवा. साका बसला, दही झालं किंवा बरणी गरम लागली तर ती जोडी सोडा. टाकी भरायची नळी पाण्यात बुडवू नका, काठाच्या वर वीतभर ठेवा, नाहीतर मोटर बंद पडताच औषध उलटं ओढलं जाऊन बोअरमध्ये जातं. रिकामी बाटली पाव भाग पाण्याने भरून अर्धा मिनिट हलवा, ते पाणी टाकीतच ओता, असं तीनदा करा आणि मग बाटलीला भोक पाडा. हे केलं की तिच्यात कुणी तेल किंवा पाणी भरून घरी नेत नाही.

किटमध्ये सगळ्यात आधी हातमोजे, आणि ते नायट्राइल या कृत्रिम रबराचे, किमान ०.४ मिमी जाडीचे, मनगटाच्या बऱ्याच वर येणारे. सुती मोजे औषध शोषून दिवसभर हातावर धरून ठेवतात, दवाखान्यातले पातळ मोजे तारेला लागून फाटतात. मांडवाखाली हात वर करून काम असतं, म्हणून बाही मोज्याच्या आत घाला आणि मोज्याची कड बाहेर दुमडा, म्हणजे ओघळ कोपराकडे न जाता दुमडीत थांबतो. मोजे काढण्याआधी हातात असतानाच साबणाने धुवा. त्यानंतर महत्त्वाचं रबरी एप्रन, गुडघ्याखालपर्यंत येणारं, आणि गमबूट, ज्यावर पँट बाहेरून आलेली. डोळ्यांना गॉगल आणि रुंद कडेची, पाणी न शोषणारी टोपी. ओला टॉवेल तोंडाला बांधणं सोडा, तो औषध नाकाशी धरून ठेवतो. पावडर आणि थेंबांसाठी एन-९५ चालतो, वाफेच्या औषधांना कोळशाचं कार्ट्रिज असलेला मास्क लागतो.

खरड छाटणीनंतर, एप्रिल-मेमध्ये, अंगभर प्लॅस्टिकचा रेनकोट घालायला लावू नका. तासगाव-जतच्या उन्हात त्याने माणूस उष्माघाताने पडेल आणि सगळे त्याला विषबाधाच समजतील. पूर्ण बाह्यांचे जाड सुती कपडे, वर एप्रन, आणि काम सकाळी नऊच्या आत किंवा संध्याकाळी पाचनंतर, हे जास्त दिवस टिकतं.

ब्लोअरबद्दल थोडं सविस्तर. चालवणाऱ्याला केबिन नसते आणि पंख्याने उडवलेलं धुकं वारा पाठीमागून असेल तर त्याच्याच मानेवर येतं. वाऱ्याच्या खालच्या बाजूच्या ओळीपासून सुरुवात करून वर सरकत जा, म्हणजे नुकत्याच फवारलेल्या हवेत परत शिरावं लागत नाही. अडकलेलं नोझल तोंडाने फुंकायची सवय जवळपास सगळीकडे आहे. ती आजच बंद करायची, पेटीत जुना टूथब्रश आणि चार जास्तीची नोझल ठेवायची. पीटीओ शाफ्टवर, म्हणजे ट्रॅक्टरच्या जोरावर ब्लोअर फिरवणाऱ्या दांड्यावर, संरक्षक नळी नसेल तर ट्रॅक्टर बाहेर काढूच नका. मिनिटाला ५४० फेऱ्या म्हणजे सेकंदाला ९ फेरे होतात. उपरण्याचं टोक किंवा साडीचा पदर अडकला तर हात मागे घ्यायलाही वेळ मिळत नाही.

आता मोजणी. ५० मीटर अंतर आखा, नेहमीच्या गिअरमध्ये आणि अर्धी टाकी पाणी भरून किती सेकंद लागतात ते बघा. १८० ला त्या सेकंदांनी भागलं की ताशी किलोमीटरमध्ये वेग मिळतो, ४० सेकंद लागले तर साडेचार. मग प्रत्येक नोझलखाली नळी लावून एक मिनिटाचं पाणी मोजा. नव्या नोझलपेक्षा १० टक्क्यांहून जास्त पाणी देणारं नोझल बदला. सगळ्यांची बेरीज मिनिटाला १४ लिटर आली आणि दोन ओळींत ९ फूट, म्हणजे २.७४ मीटर अंतर असेल, तर १४ गुणिले ६००, भागिले (४.५ गुणिले २.७४), म्हणजे हेक्टरी सुमारे ६८० आणि एकरी २७५ लिटर. बरेच जण एकरी अमुक टाक्या एवढ्याच अंदाजावर चालतात. नोझल झिजलेलं असतं, एकरी पाणी वाढलेलं असतं आणि मात्रा लिटरला धरली जात असल्याने औषधही तेवढंच वाढलेलं असतं. ते जमिनीवर आणि माणसावर जातं.

फवारा पानावर पोचला का, हे पाण्याने निळा होणाऱ्या पिवळ्या कागदाच्या पट्ट्या लावून बघा. एक पानाच्या वर, एक पानाखाली, एक घडाच्या जागी. कीटकनाशकासाठी चौरस सेंटिमीटरला २० ते ३० थेंब आणि स्पर्शजन्य बुरशीनाशकासाठी ५० ते ७० थेंब पुरेसे मानतात. पट्टी पूर्ण निळी झाली म्हणजे पाणी ओघळून चाललंय. डाऊनी या द्राक्षावरच्या रोगाची बुरशी पानाच्या खालच्या बाजूच्या रंध्रांतून आत शिरते, त्यामुळे वरची पट्टी सुंदर आणि खालची कोरी असेल तर ती फवारणी पुन्हा करावी लागणार. वाया गेलेली फवारणी म्हणजे माणसाने एकदा जास्त भिजणं. म्हणूनच फवारण्यांची संख्या कमी करणं हे माझ्या मते सगळ्यात मोठं संरक्षण आहे.

याच कारणाने पाणीही तपासा. बोअरचं पाणी बऱ्याचदा जड आणि अल्कधर्मी असतं. कॅप्टन हे बुरशीनाशक पीएच ५ च्या पाण्यात निम्मं व्हायला सुमारे ३२ तास लागतात, पीएच ७ ला ८ तास, आणि ८ ला अवघी १० मिनिटं. औषध लागू पडलं नाही की डीलरला दोष दिला जातो आणि मात्रा वाढवली जाते. बादलीत १० लिटर पाणी घेऊन सायट्रिक ॲसिड थोडं थोडं घाला, पीएच ६ ते ६.५ ला यायला किती ग्रॅम लागले ते लिहून ठेवा आणि टाकीला त्या हिशेबाने घाला. शेजाऱ्याचा आकडा वापरू नका, प्रत्येक बोअरचा वेगळा येतो. बोर्डो किंवा इतर तांब्याच्या औषधांच्या पाण्यात ॲसिड घालायचं नाही, पानं करपतात. औषध निवडताना पुण्याजवळच्या मांजरीचं राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र निर्यातीच्या द्राक्षांसाठी प्रसिद्ध करतं ती यादी समोर ठेवा.

तुमच्या प्रश्नात बायकांचा उल्लेख नाही, तो यायला हवा होता. शेंडा खुडणं, विरळणी, डिपिंग (घड द्रावणात बुडवणं) ही कामं त्याच बागेत दुसऱ्या दिवशी सुरू होतात आणि पानांवरचा थर दिवसभर त्यांच्या हातांना, मानेला आणि डोक्याला लागतो. त्यांना किट कुणी देत नाही, कारण त्या औषध मारत नाहीत. फवारा वाळेपर्यंत आणि किमान २४ तास, लेबलवर जास्त लिहिलं असेल तर तेवढे तास, त्या ओळीत कुणाला पाठवू नका. बागेच्या तोंडाशी फळी लावा: औषधाचं नाव, मारल्याची तारीख आणि वेळ, आत जायची वेळ. बागेतच साबण आणि पाण्याचा कॅन ठेवा, जेवणाआधी कोपरापर्यंत हात धुता आले पाहिजेत. फवारणीच्या कपड्यांचा धुण्याचा पिळा घरच्या कपड्यांत मिसळू नये. टिनोपालच्या चाचणीतले कपडे एकदा घरच्या काळ्या कपड्यांबरोबर धुवून टॉर्चखाली दाखवलं, की हे समजावून सांगावं लागत नाही.

फळछाटणीनंतर काडीवरचे डोळे एकसारखे फुटावेत म्हणून हायड्रोजन सायनामाइडचं पेस्टिंग होतं, म्हणजे ते काड्यांना हाताने लावतात. हे औषध माणसाची कातडी आणि डोळे जाळतं. त्याहून गंभीर म्हणजे दारू पचवणारं शरीरातलं एक विकर ते बंद पाडतं. संध्याकाळी थोडी जरी दारू पोटात गेली तरी चेहरा लाल होतो, छाती धडधडते, धाप लागते, रक्तदाब उतरतो. आदल्या दिवसापासून पुढे आठवडाभर दारू पूर्ण बंद, हे कामाला लावण्याआधी स्पष्ट सांगा. ज्याला ते जमणार नाही त्याला त्याच मजुरीवर काड्या गोळा करण्याचं काम द्या. कुणाला लाज वाटेल अशा पद्धतीने विचारू नका, माणूस खरं सांगणार नाही. कापडी मोज्याने पेस्टिंग करत असाल तर आत नायट्राइलचा मोजा हवाच.

रक्ततपासणीकडे यानंतर या. कोलिनेस्टरेज या रक्तातल्या विकराची तपासणी ऑर्गॅनोफॉस्फेट आणि कार्बामेट या कीटकनाशकांच्या दोनच गटांची बाधा दाखवते. गंधक, मॅन्कोझेब, पायरेथ्रॉइड, निओनिकोटिनॉइड यांचा त्रास तीत दिसत नाही, आणि तुमच्याकडच्या डोळ्यांच्या आगीमागे गंधकाचा वाटा असण्याची दाट शक्यता आहे. त्यामुळे रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून माणूस सुरक्षित आहे असं समजू नका. एकाच वेळी केलेली तपासणीही फारशी उपयोगाची नाही, कारण निरोगी माणसांतच आकडे बरेच वेगळे असतात. प्रत्येकाचा स्वतःचा मूळ आकडा हवा. तो काढणी संपल्यावर, बाग विश्रांतीत असताना, शक्यतो महिनाभर औषधाशी संबंध नसताना घ्यावा, आणि पुढची तपासणी त्याच प्रयोगशाळेत करावी. कॅलिफोर्नियात लागू असलेला नियम वापरण्यासारखा आहे: मूळ आकड्यापेक्षा २० टक्के घट झाली तर कामाची पद्धत तपासायची, तांबड्या पेशींतलं कोलिनेस्टरेज ३० टक्के किंवा प्लाझ्मातलं ४० टक्के उतरलं तर माणसाला फवारणीवरून काढायचं, आणि आकडा मूळच्या ८० टक्क्यांवर आल्याशिवाय परत लावायचं नाही. रक्त घेऊन अभ्यास करायचा असेल तर नैतिक समितीची मान्यता लागते, म्हणून मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या कम्युनिटी मेडिसिन विभागाला आधीपासून सोबत घ्या. मजुराची संमती त्याच्या मालकासमोर घेऊ नका आणि रिपोर्ट आधी त्याच्या हातात द्या.

नोंदवहीत रोज एक ओळ पुरते: तारीख, औषध आणि मात्रा, कुणी कालवलं, कुणी मारलं, किती तास, काय घातलं होतं, त्याच संध्याकाळी आणि दुसऱ्या सकाळी काय त्रास. त्रास झाला नाही तेव्हाही "नाही" लिहा. फक्त त्रासाचे दिवस लिहिले तर कुठल्या औषधाने त्रास होतो ते कधीच कळणार नाही.

बाधा झालीच तर माणसाला बागेबाहेर आणा, कपडे उतरवा, साबणाने पंधरा मिनिटं धुवा, केस आणि नखांसकट. डोळ्यांत गेलं असेल तर तेवढाच वेळ वाहत्या पाण्याखाली धरा. उलटी करवू नका, दूध-तूप पाजू नका. १०८ ला फोन करा आणि औषधाची बाटली किंवा लेबल सोबत द्या, कारण उतारा त्यावर ठरतो. ॲट्रोपिन आणि प्रॅलिडॉक्झिम ऑर्गॅनोफॉस्फेटसाठी असतात, इतर बहुतेक औषधांना उतारा नाही, लक्षणांवर उपचार करावे लागतात. बाहुल्या टाचणीएवढ्या आकसलेल्या, तोंडाला लाळ, छातीत घरघर असेल तर एक मिनिटही थांबू नका. तुमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात ॲट्रोपिनचा पुरेसा साठा आहे का, याची चौकशी सप्टेंबरमध्येच, पहिली बाग छाटायच्या आधी, करून ठेवा.